बटणाचा आवाज कुठे राहतो? बेंजोपासून आर्डुइनोमपर्यंत

नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालेला रस्ता हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ आणि पुढे नागपूरला. फाट्याला स्वतःचे गंतव्य नसते. आलेले वाहन योग्य रस्त्याला लावणे एवढेच त्याचे काम. पण तेथील पाटी बदलली, तर सुस्थितीतील वाहनही भलत्याच गावी पोहोचते.

संगणकातील ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली हा असाच एक फाटा होय. यंत्राकडून आलेला संकेत कोणत्या वाटेने न्यायचा, हे ती ठरवते. २०११ ते २०१४ या काळात जगभरातील अनेक हौशी वाद्यकारांनी स्वतःच्या हाताने घडवलेली बटणांची वाद्ये अशीच वाट चुकली. वाद्यात बिघाड नव्हता. पाटी बदलली होती. ही हकिकत नीट समजून घ्यायची, तर आरंभ संगणकापासून नव्हे, बेंजोपासून करावा लागतो.

महाराष्ट्रात ज्याला बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकेतील कातडी मढवलेल्या बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी ‘तैशोगोतो’ हे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये तैशो राजवटीचा आरंभ झाला होता. वाद्याचे नाव त्यावरूनच पडले. मोरिता यांच्यापुढे टंकलेखन यंत्राचा नमुना होता. पेटीवर तारा ताणलेल्या, त्यांच्यावर बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबले की त्याखालची धातूची पट्टी तारेवर टेकते, तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो; उजव्या हातातील नखी तार छेडते. बोटांना तारेवर स्वरस्थान शोधण्याची साधना करावी लागत नाही, कारण ते काम बटणाने आधीच करून ठेवलेले असते.

हे वाद्य पुढे भारतात आले आणि रुजले. त्याची घडण साधी असल्याने ते घडवायला मोठा कारखाना लागत नसे. लाकूड, तारा, पत्रा, स्प्रिंगा आणि सुताराचा नेमका हात एवढ्यावर काम भागे. मिरवणुकीच्या गलक्यात आवाज पोहोचेना, तेव्हा तारांखाली पिकअप बसवून तो अॅम्प्लिफायरला जोडण्यात आला. गणेशोत्सवात आणि लग्नाच्या वरातीत गाडीवर कर्ण्यांसह वाजणारी ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली ती या जोडणीवर. या कलावंतांच्या जगावर रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला. तोवर शास्त्रीय संगीताच्या इतिहासग्रंथांना या वाद्याची दखल घ्यावीशी वाटली नव्हती म्हटले, तर फारसे चूक ठरणार नाही.

बेंजोची एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. बटण आणि स्वर यांच्यामध्ये जे काही आहे ते डोळ्यांना दिसते. बटण दाबूनही आवाज आला नाही, तर पट्टी वाकली असेल, स्प्रिंग निसटली असेल, पिकअपचा डाग सुटला असेल. दोष दिसतो, म्हणून तो दुरुस्त होतो. तेही वरात थांबलेली असताना, रस्त्याच्या कडेला.

१९८३ साली ‘मिडी’ हे मानक अस्तित्वात आले आणि बटणाची स्वराशी असलेली ही गाठ सुटली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो: अमुक क्रमांकाचा स्वर, अमुक जोराने. सेकंदाला ३१,२५० बिट हा त्याचा वेग, आणि जोर मोजायचा तो शून्य ते १२७ या पट्टीवर. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ‘ऑक्टापॅड’मध्ये प्रत्येकी चार पॅडच्या दोन ओळी होत्या आणि स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला निरोप धाडी आणि ते यंत्र वाजे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये आवाजही पेटीतच आले आणि मराठी वाद्यवृंदांत हे वाद्य ‘ऑक्टोपॅड’ या किंचित बदललेल्या नावाने घरचे झाले. बटणाचा आवाज बटणापाशी राहिलाच पाहिजे असे नाही, ही कल्पना तेव्हापासून रुळली.

ही कल्पना शेवटच्या टोकाला नेली ती अमेरिकेतील ब्रायन क्रॅबट्री आणि केली केन यांनी. २००६ मध्ये त्यांनी ‘मोनोम ४०एच’ विक्रीस आणले. आठ ओळी, आठ स्तंभ, चौसष्ट बटणे आणि प्रत्येक बटणाखाली एक दिवा. बटणांवर अक्षर नाही, अंक नाही, खूण नाही. सोळाच्या आधाराने मोजणी केली असता चौसष्ट ही संख्या ‘४०’ अशी लिहिली जाते; नावाचे कोडे एवढेच. बटण दाबले म्हणून त्याखालचा दिवा लागेलच असेही नव्हते. बटण संगणकाला निरोप देई आणि कोणता दिवा लावायचा हे संगणक उलट कळवी. त्यामुळे एकच पेटी आज तालयंत्र, उद्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे उलटसुलट वाजवणारे वाद्य, तर परवा निव्वळ खेळ होऊ शके.

मोनोमची निर्मिती लहान लहान खेपांत होई, आणि खेप लवकर संपे. मात्र तिच्या कर्त्यांनी आराखडे व आज्ञावली खुली ठेवली होती. इटलीतील इव्रेया येथे २००५ मध्ये जन्मलेला आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक-फलक तोवर हौशी मंडळींच्या हाती आला होता. २००८ मध्ये ओवेन व्हॅलिस आणि जॉर्डन होचेनबाम यांच्या पुढाकाराने या दोहोंचा संगम झाला आणि ‘आर्डुइनोम’ अवतरला. सिलिकॉनच्या सोळा-सोळा बटणांच्या चार चकत्या जोडून चौसष्टांची चौकट बनवायची, प्रत्येक बटणाला एक डायोड डागायचा, खाली आर्डुइनो बसवायचा आणि लाकडाची किंवा अॅक्रिलिकची पेटी आपली आपण करायची.

डायोडचे काम वरकरणी क्षुल्लक वाटते. तसे ते नाही. चौसष्ट बटणांना चौसष्ट तारा न लावता आठ ओळी आणि आठ स्तंभ अशा सोळा तारांवर भागवले जाते. नियंत्रक एकेक ओळ जागी करून कोणत्या स्तंभातून उत्तर येते ते पाहतो. पण चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे एकाच वेळी दाबली, तर वीज आडवाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यावर न दाबलेले बटण दाबल्याचा भास निर्माण करते. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून हे भूत उठत नाही. चौसष्ट डायोडांपैकी एक उलटा डागला गेला, तर रात्र शोधण्यात जाते.

पेटी तयार झाली तरी संगणकाला ती कोण आहे हे सांगावे लागे. त्या काळच्या आर्डुइनोवर यूएसबी जोडणीसाठी एफटीडीआय कंपनीची चिप असे आणि तिच्यात अनुक्रमांक कोरलेला असे. घरगुती वाद्यकार एका लहान साधनाने तो अनुक्रमांक पुसून ‘ए४०एच’ने सुरू होणारा नवा अनुक्रमांक लिहीत. बारशाचाच हा विधी म्हणावा. नाव बदलले नाही, तर संगणक त्या पेटीला साधा आर्डुइनो समजे आणि वाद्य मुके राही.

सुरुवातीला मूळ वाद्यासाठी ‘मोनोमसीरियल’ आणि घरगुती भावंडासाठी ‘आर्डुइनोमसीरियल’ असे दोन स्वतंत्र मध्यस्थ होते. २०११ मध्ये ‘सीरियलओएससी’ आला. विल्यम लाइट यांच्या ‘लिबमोनोम’ या संहितासंचावर तो उभा होता. त्याला खिडकी नव्हती, निवडायला पर्याय नव्हते. तो पडद्याआड चाले. जोडलेल्या प्रत्येक वाद्याला तो वेगळा पोर्ट देई आणि वाद्य आल्याची वर्दी स्वतःच जाळ्यावर पसरवी. रचना निःसंशय अधिक चांगली होती. परंतु निरोपाची भाषा बदलली. बटण दाबल्याची सूचना पूर्वी ‘प्रेस’ या शब्दाने येई, ती आता ‘ग्रिड’ आणि ‘की’ या शब्दांनी येऊ लागली. जुन्या वादनप्रणाली ठरलेल्या पोर्टवर, ठरलेल्या शब्दाची वाट पाहत बसल्या. नव्या फाट्यावरून वाहने सुरळीत सुटत होती. फक्त जुन्या गावाकडे एकही जात नव्हते.

मूळ वाद्य विकत घेतलेल्यांना नवी प्रणाली उतरवून घेणे पुरेसे होते. घरगुती वाद्याच्या धन्याला मात्र तीन ठिकाणी शोध घ्यावा लागे: चिपवरील अनुक्रमांक बरोबर आहे का, जुना मध्यस्थ अजून चालू राहून पोर्ट अडवून बसला आहे का, आणि वादनप्रणाली नवी भाषा जाणते का. बेंजोची वाकलेली पट्टी डोळ्यांना दिसते. येथे दिवे पेटत होते, बटणे दबत होती, आणि दोष कोठेच दिसत नव्हता.

पुढचे आघात कार्यप्रणालींकडून आले. आर्डुइनोच्या २०१० मधील ‘ऊनो’ या फलकावरून एफटीडीआयची चिप हटवली गेली, त्यामुळे बारशाचा जुना विधी त्यावर चालेना. २०१३ च्या ‘मॅव्हरिक्स’ आवृत्तीत ॲपलने या चिपसाठी स्वतःचा ड्रायव्हर दिला आणि चिपकंपनीचा ड्रायव्हर आधीच असलेल्या संगणकांवर दोन ड्रायव्हर एकाच यंत्रावर हक्क सांगू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तर विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून एफटीडीआयचा असा ड्रायव्हर आला, जो नकली चिपमधील ओळखक्रमांक पुसून तेथे शून्य लिही. यंत्र त्यानंतर त्या संगणकाला ओळखू येत नसे, आणि दुसऱ्या संगणकालाही नाही. नकली चिप बाजारात इतक्या मिसळल्या होत्या की स्वस्त फलक घेणाऱ्याला आपल्याकडे कोणती आहे याचा पत्ता नसे. कंपनीची तक्रार खरी होती. शिक्षा मात्र नक्कल करणाऱ्याला न होता शेवटच्या ग्राहकाला झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. ज्यांची यंत्रे मुकी झाली होती, त्यांनी जुना अनुक्रमांक लिहिण्यासारखाच खटाटोप करून खरा ओळखक्रमांक पुन्हा चिपमध्ये भरला.

या सगळ्या उलथापालथीतून आर्डुइनोम तगला तो संहिता खुली होती म्हणून. कोणी जुनी भाषा नव्या भाषेत उलथवणारा दुभाषी लिहिला, कोणी वादनप्रणालीच सुधारून घेतली, कोणी ऊनोवरील दुसऱ्या चिपची आज्ञावली बदलून तिच्याकडून हवे ते नाव वदवून घेतले. आज घरी वाद्य घडवणारे बहुधा ‘निओट्रेलिस’ची रंगीत दिव्यांची फलके आणि ‘टीन्सी’ हा नियंत्रक वापरतात. टीन्सीला एफटीडीआयची चिप लागत नाही. यूएसबीवर स्वतःचे नाव काय सांगायचे, हे घडवणारा आज्ञावलीतच लिहून ठेवतो. ते नाव ‘एम’ने सुरू होते, कारण मूळ मोनोमची नावे तशी असतात. आणि लिबमोनोमच्या संहितेत, ओळखीच्या यंत्रांच्या यादीत, ‘ए४०एच’ने सुरू होणाऱ्या जुन्या घरगुती पेट्यांसाठीही एक ओळ राखलेली आहे.