शिवथर खोऱ्यातील माजी सैनिक आणि राज्यशासनाच्या सवलती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाड व पोलादपूर तालुक्यांचा इतिहास लिहिताना रायगड, शिवथरची घळ, उमरठ आणि चवदार तळे यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेल्या लष्करी निवृत्तिवेतनाची नोंद मात्र इतिहासलेखनात क्वचित आढळते. वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कसबे शिवथर, आंब शिवथर, कुंभे शिवथर या गावांत भात आणि वरकस जमिनीवरील नाचणी-वरी एवढेच पीक. त्यातही खोताचा वाटा. रोख पैसा मिळण्याचे मार्ग दोनच होते : मुंबई आणि पलटण. त्यांपैकी दुसऱ्या मार्गाने गेलेल्या व परत आलेल्या माणसाला शासनाने काय दिले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निवृत्तिवेतन : सवलत की सामाजिक सत्ता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाडजवळील रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १८८६ साली ते लष्करातून निवृत्त झाले, दापोली परिसरात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन व संघटन केले आणि १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. गावच्या वतनावर किंवा खोताच्या मर्जीवर ज्याचे पोट अवलंबून नाही, अशा माणसालाच त्या काळी हे शक्य होते. लष्करातील शाळांमुळे लाभलेली साक्षरता आणि दरमहाची ठरावीक रक्कम या दोन गोष्टींनी दक्षिण कोकणातील महार कुटुंबांत एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. १८९० नंतरच्या दशकात 'लढाऊ जातीं'च्या सिद्धान्तापायी महारांची भरती बंद झाली, तेव्हा तुटली ती केवळ नोकरी नव्हे. वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास तयार केलेला विनंतीअर्ज आणि पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी केलेला अर्ज हे या दृष्टीने वाचले पाहिजेत. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षीय भाषणातही सैन्यभरती बंद झाल्याचा विषय आला, हे योगायोगाने घडलेले नाही. सुभेदार-मेजर रामजी सकपाळ यांच्या पुत्राला निवृत्तिवेतनाचे मोल घरातूनच माहीत होते. पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ पर्यंत मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

मराठा पलटणींची भरती या काळात अखंड चालू होती. शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु पदकाच्या गौरवावरून सर्वसामान्य शिपायाच्या घरची स्थिती ताडणे चुकीचे ठरेल.

मंडळापासून विभागापर्यंत

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली हिंदी सैनिकांसाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या हाताखाली प्रांतिक व जिल्हा मंडळे आली. आजचा पुण्यातील सैनिक कल्याण विभाग व अलिबागचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही त्याच साखळीची पुढची रूपे होत. ७ डिसेंबर १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनाचा निधीही याच यंत्रणेमार्फत खर्च होतो. निवृत्तिवेतन केंद्राचे, पुनर्वसन मुख्यतः राज्याचे, अशी ही विभागणी आहे.

या विभागणीत एक मोठी फट राहिली होती. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी शिपायाला पंधरा वर्षांची सेवा लागते. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती होऊन युद्ध संपताच मोकळे झालेले हजारो जवान या अटीत बसत नव्हते. त्यांना व त्यांच्या विधवांना दरमहा मानधन देण्याची जबाबदारी पुढे राज्यानेच उचलली. युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांची काही तरतूद होती. मात्र निवृत्त शिपाई घरी वारला की त्याचे वेतनही थांबे. सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन १ जानेवारी १९६४ पासून सुरू झाले आणि त्याआधीच्या निवृत्तांच्या कुटुंबांना ते आणखी उशिराच लागू झाले.

महाराष्ट्राच्या सवलतींत गट क व ड पदांतील १५ टक्के आरक्षण सर्वांत परिणामकारक म्हणावे लागेल. तलाठी कार्यालयात किंवा एस.टी. आगारात दिसणारा माजी सैनिक हा त्याचाच परिणाम. शासकीय जमीन वाटपाच्या १९७१ च्या नियमांतही माजी सैनिकांना अग्रक्रम आहे. पण ही तरतूद देशावरच्या मोकळ्या पडीक जमिनी डोळ्यांसमोर ठेवून झाली असावी. शिवथरसारख्या खोऱ्यात वनजमीन व डोंगरउतार वगळल्यास वाटपयोग्य जमीन उरते तरी किती? २०२० साली जाहीर झालेल्या योजनेने माजी सैनिक व सैनिक-विधवांच्या एका घराचा मालमत्ता कर माफ केला. घरपट्टी हे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन असल्याने, ज्या गावाने अधिक जवान दिले तेथेच या माफीचा भार अधिक पडतो. निर्णय घेणाऱ्यांनी याचा विचार केला असल्यास तो शिवथरपर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

कागदाचा प्रश्न

सवलतीचा हक्क सेवामुक्ती पुस्तिकेवर आणि पलटणीच्या अभिलेखावर ठरतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावी, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, जिल्हा कार्यालय शंभर किलोमीटरहून दूर अलिबागला. मराठी घरांत लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत आहे. परिणामी पलटणीच्या नोंदीत सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, शिधापत्रिकेवर तिसरेच, असे घडते. पती हयात असेपर्यंत ही तफावत कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर 'मीच ती' हे सिद्ध करण्यासाठी वृद्ध स्त्रीला प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि अलिबागच्या खेपा कराव्या लागतात. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे डोंगर कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. अशा आपत्तीत मूळ पुस्तिका गमावलेल्या कुटुंबाला सारा पुरावा पुन्हा पलटणीकडून मिळवावा लागतो आणि त्यासाठी शिपायाचा सेवा क्रमांक तरी घरात कोणाला तोंडपाठ असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी, महाड व पोलादपूर तहसील कार्यालयांत, ठरावीक दिवशी अभिलेख दुरुस्तीचे शिबिर भरविणे हे राज्याच्या अधिकारातील काम असून त्यास नव्या कायद्याची गरज नाही.