रेडीत घर कुठे बांधावे?

घर बांधावयास निघालेला माणूस वास्तू पाहतो, मुहूर्त पाहतो, दहाजणांचा सल्ला घेतो. मात्र त्या मुलखात आपल्या आधी कोण, कुठे आणि कशासाठी राहिले, हे तो सहसा विचारीत नाही. आमच्या रेडीला हा प्रश्न विचारला तर तिच्यापाशी चौदाशे वर्षांचे उत्तर आहे.

बदामीचा चालुक्य राजा मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकले. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात रविकीर्ती म्हणतो की, समुद्रात त्याच्या सैन्याचे प्रतिबिंब पडले, ते जणू त्याच्या आज्ञेने आलेले वरुणाचे सैन्यच भासले. हे रेवतीद्वीप म्हणजे रेडी, असे अनेक अभ्यासक मानतात. चालुक्यांचा अधिकारी ध्रुवराज इंद्रवर्मा याचे ठाणे येथेच होते.

पुढच्या राजांनीही हीच जागा निवडली. खाडीच्या तोंडावर यशवंतगड उभा राहिला. आदिलशाहीकडून तो शिवाजी महाराजांकडे आला. १७४६ साली पोर्तुगिजांनी तेरेखोल आणि रेडी दोन्ही घेतली. रेडी सावंतांना परत मिळाली, तेरेखोल मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडेच राहिले. फेब्रुवारी १८१९ मध्ये इंग्रजांनी यशवंतगड घेतला आणि सावंतवाडीकराने तो तहात सोडून दिला. इतक्या धन्यांनी निवडलेल्या या जागेत आज राहते कोण? जांभ्याच्या भिंतींना मिठी मारून बसलेली वडाची मुळे!

राजाला हवी होती जहाजावर नजर ठेवणारी जागा. कुळवाड्याला हवी होती चूल पेटवण्याची. सड्यावरून समुद्र छान दिसतो. पण जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि उतारावर, पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने सोडतो. म्हणून आमच्या वाड्या सड्यावर नाहीत, पायथ्याशी आहेत. पुढे मळा, मागे डोंगर, बाजूला व्हाळ, आणि परसात माड-पोफळीला पुरेल एवढे पाणी असलेली बाव. समुद्राचा वारा माडांनी गाळून घ्यावा, घराने अंगावर घेऊ नये, हे त्यांचे शास्त्र. ते कोणी लिहून ठेवले नाही. वाड्यांच्या मांडणीतच ते वाचावे लागते.

काहीजणांना तर निवडीला सवडही नव्हती. सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली गेली, तेव्हा कित्येक कुळे आपले देव घेऊन हद्दीपार झाली. कन्याळ्याची नवदुर्गा अशीच गोव्यातून आली, अशी परंपरा आहे. जिवाला अभय मिळावे, आणि सोडून आलेले घर फार दूरही असू नये: जागेची याहून मोठी कसोटी ती कोणती?

विसाव्या शतकात रेडीला आणखी एक धनी भेटला, तो म्हणजे लोखंड. डोंगर पोखरून खनिज बंदरातून परदेशी गेले. १९७६ साली खाणीच्याच परिसरात द्विभुज गणपतीची भव्य मूर्ती सापडली, आणि यात्रेकरूंची रीघ लागली. खाणीने कित्येक घरांत चूल पेटविली, हे खरे. पण डोंगराच्या पोटातच आपल्या बावीचे पाणी असते, हेही तितकेच खरे.

२०२३ साली खाडीपलीकडे मोपाचा विमानतळ सुरू झाला. मुंबईचे ओळखीचे लोक आता मला विचारतात, "मास्तर, समुद्र दिसेल अशी जागा आहे का हो?" मी त्यांना सांगतो, जागा जरूर पाहा, पण दिवाळीत पाहू नका. दिवाळीत सारे कोकणच हिरवेगार असते. वैशाखात या, बावीत वाकून पाहा. मग आषाढात या, व्हाळ कुठून वाहतो ते पाहा, आणि त्याच्या वाटेत भिंत घालू नका. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, पाणी कोणत्या महिन्यात आटते. डोंगर कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे पुढे काय होणार आहे, तेही विचारा.

गड बांधणाऱ्यांची नावे शिलालेखांत आणि तहनाम्यांत सापडतात. बाव खणणाऱ्यांची कुठेच सापडत नाहीत. पण रेडीत आज दिवे लागतात ते त्यांच्या वाड्यांवर.