रुबीच्या विंडोमागचा एक थ्रेड

विंडो, बटणे आणि मजकूर यांना एकाच थ्रेडने (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्याने) हात लावायचा, हा डेस्कटॉप प्रोग्रॅमचा नियम जपानमध्ये जन्मलेल्या रुबी भाषेत अडचणींतून आकाराला आला. युकिहिरो मात्सुमोतो यांनी 1993 मध्ये रुबीचे काम हाती घेतले आणि डिसेंबर 1995 मध्ये ती जपानी न्यूजग्रुपवर खुली केली. विंडो काढण्यासाठी तिने अमेरिकेतल्या जॉन औस्टरहाउट यांच्या टीके या संचाचा आधार घेतला.

रुबी 1.8 पर्यंतचे थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचे नव्हते. इंटरप्रिटरच त्यांना आळीपाळीने चालवत असे. टीकेचा मेनलूप मात्र माउसच्या क्लिकची वाट पाहत सी भाषेतल्या कोडमध्ये अडून राही आणि मग सगळेच थ्रेड खोळंबत. म्हणून रुबी आणि टीके यांना जोडणाऱ्या कोडमध्ये मेनलूपने अधूनमधून इतरांना पाळी देण्याची सोय झाली. या कोडची देखभाल पुढे दीर्घकाळ हिदेतोशी नागाई यांनी केली. दुसऱ्या थ्रेडने टीकेला काही सांगितले की ती विनंती रांगेत लागते, मेनलूपचा थ्रेड ती पार पाडतो आणि सांगणारा तोवर थांबतो. थांबणाऱ्याच्या हातात मेनलूपला हवे असलेले कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा ताबा) असेल, तर दोघेही कायमचे अडकतात.

जावा या भाषेतही हेच घडले. तिचा आधीचा विंडो-संच एडब्ल्यूटी अनेक थ्रेडसाठी आखला होता. नंतरच्या स्विंग या संचाने मात्र एका थ्रेडचा नियम घातला. त्याचे कारण पटण्याजोगे आहे: क्लिक सिस्टिमकडून प्रोग्रॅमकडे येते, रेखाटनाचा हुकूम उलट दिशेने जातो, आणि दोघे कुलुपे उलट क्रमाने मागतात, म्हणून अडकतात.

रुबी 1.9 (2007) मध्ये कोइची सासादा यांच्या यार्व या नव्या इंटरप्रिटरबरोबर थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचे झाले, पण रुबीचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवू शकेल असे मोठे कुलूप आले. ते कुलूप इंटरप्रिटरला जपते, प्रोग्रॅममधल्या माहितीला नाही. आकडा एकने वाढवायचा तरी वाचणे, वाढवणे आणि लिहिणे असे तीन टप्पे पडतात, त्यामुळे मध्येच थ्रेड बदलण्याचा धोका धरूनच कोड लिहावा.

फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सर्वांत भरवशाची रीत अशी: उतरवणारा थ्रेड टक्केवारी फक्त ‘क्यू’ या रांगेत टाकतो, मुख्य थ्रेड टायमर लावून, न थांबता, ती काढतो आणि विंडोतली प्रगतीची पट्टी पुढे सरकवतो. डिसेंबर 2016 च्या रुबी 2.4 पासून टीके मूळ संचातून वगळले गेले आणि वेगळे जेम (रुबीचे पॅकेज) म्हणून मिळू लागले; तिथेही विंडोचे काम मेनलूपच्या थ्रेडवरच ठेवावे.