जुना व्हीआर हेडसेट बदलावा का? क्वेस्ट २ वापरणाऱ्या घरांसाठी माहिती

आखाती देशातून मामू सुट्टीवर येणार असले की मुलांची यादी आधीच तयार असते. हल्ली त्या यादीत क्वेस्ट ३ हे नाव वरचेवर दिसतं. घरात क्वेस्ट २ आहे, चालतोय, तरी नवा हवाय. पालक आम्हाला विचारतात, "सर, घ्यावा का?" एका शब्दात उत्तर देणं अवघड आहे, म्हणून दोन्ही बाजू इथे मांडतो.

तीन मॉडेल, थोडक्यात

क्वेस्ट २ ऑक्टोबर २०२० मध्ये आला, सुरुवातीची किंमत २९९ डॉलर. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये ४९९ डॉलरला आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वस्तातला क्वेस्ट ३एस आला, सुरुवातीची किंमत साधारण ३०० डॉलर.

फरक कुठे जाणवतो?

पहिला फरक भिंगांचा. क्वेस्ट २ मध्ये फ्रेनेल भिंगं आहेत. मधोमध स्पष्ट दिसतं, कडेला धूसर होतं. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगं आहेत, त्यामुळे कडेपर्यंत अक्षरं वाचता येतात. पडदाही प्रत्येक डोळ्यामागे १८३२ × १९२० वरून २०६४ × २२०८ पिक्सेल झाला. ३एस मध्ये मात्र भिंगं फ्रेनेलच आणि पडद्याचे पिक्सेल क्वेस्ट २ इतकेच. तेव्हा फक्त चित्र स्वच्छ दिसावं म्हणून ३एस घेणार असाल, तर निराशा होईल.

दुसरा फरक चिपचा. क्वेस्ट ३ आणि ३एस दोन्हींत स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २ आणि ८ जीबी रॅम आहे. क्वेस्ट २ मध्ये आधीच्या पिढीची चिप आणि ६ जीबी. काही नवे गेम, उदाहरणार्थ 'बॅटमॅन: अर्खम शॅडो', क्वेस्ट २ वर चालतच नाहीत.

तिसरा फरक बाहेरचं दिसण्याचा. क्वेस्ट २ मधून खोली काळी-पांढरी दिसते, नव्या दोन्हींत रंगीत.

वजन आणि बॅटरीत मात्र फार आशा ठेवू नका. क्वेस्ट २ चं वजन ५०३ ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५. चार्ज तिन्हींचा दोन-अडीच तासच टिकतो.

जुन्यावर किती दिवस निघतील?

क्वेस्ट २ ची विक्री कंपनीने २०२४ मध्ये थांबवली. त्याआधीच्या पहिल्या क्वेस्टचं काय झालं ते बघा: २०१९ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याचे सुरक्षा अपडेटही बंद झाले. म्हणजे क्वेस्ट २ आज बिघडलेला नसला, तरी त्याचं वय झालंय. विकत घेतलेले गेम मात्र वाया जात नाहीत. ते अकाउंटला जोडलेले असतात, नव्या हेडसेटवर तेच अकाउंट उघडलं की पुन्हा मिळतात.

आपल्याकडची अडचण

क्वेस्ट २ आणि ३ बाजारात आले तेव्हा अधिकृत विक्रीच्या देशांत भारत नव्हता. नातेवाइकांकडून किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून घेतलेला हेडसेट बिघडला, तर वॉरंटी कोण देणार हे आधी विचारा. बिल जपून ठेवा. विमानतळावर कस्टमची सूट किती, तेही आणणाऱ्याने तपासावं.

आधी हे करून बघा

बऱ्याचदा त्रास हेडसेटचा नसतो, त्याच्या पट्ट्याचा असतो. कापडी पट्टा बदलून मागून आधार देणारा घेतला की चेहऱ्यावरचा भार कमी होतो. धूसर दिसत असेल, तर भिंगांमधलं अंतर बदलून बघा. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागा आहेत. भिंगं कोरड्या मऊ कापडानेच पुसा. उन्हात ठेवू नका; भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर कायमचे डाग पडतात.

वयाचंही बघा. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी हा हेडसेट नाही, आणि दहा ते बाराच्या मुलांचं अकाउंट आईवडिलांनी सांभाळायचं असा कंपनीचाच नियम आहे.

मग ठरवायचं कसं?

एका पालकाने आम्हाला सांगितलं, मुलाने दोन वर्षांची ईदी साठवली आहे, उरलेले पैसे आम्ही घालायचे, पण जूनमध्ये बहिणीच्या कॉलेजची फी आहे. आम्ही म्हटलं, पंधरा दिवस वहीत लिहायला सांगा: हेडसेट कधी घातला, किती वेळ, कशासाठी, आणि काय अडलं. वहीत तीनच नोंदी झाल्या, त्याही पाहुणे आले तेव्हाच्या. मुलगा एक दिवस रुसला, मग म्हणाला, "अब्बू, फक्त पट्टा घेऊ."

दुसऱ्या घरात वही भरलेली निघू शकते. मुलगा आठवड्यातून चार-पाच दिवस वापरतो, वाचायला अक्षरं पुसट दिसतात, हवा तो गेम चालत नाही, असं असेल तर क्वेस्ट ३ चा खर्च वाया जाणार नाही. अडचण फक्त नव्या गेमची असेल, तर ३एस पुरे. आणि हेडसेट कपाटावर धूळ खात असेल, तर नवाही महिन्याभरात तिथेच जाईल. मामूंना फोन करण्याआधी वही बघा.