बालकांच्या पचनविकारांची लक्षण-प्रश्नावली : यथार्थता-परीक्षण

पोटदुखी, मळमळ, पोटफुगी, मलावरोध, अतिसार इत्यादी ज्या तक्रारींचा पूर्ण तपशील रक्ततपासणीत वा एंडोस्कोपीत सापडत नाही, त्यांची मोजदाद बालकाच्या स्वतःच्या सांगण्यावरून करणारी प्रश्नावली खरोखर तेच मोजते की नाही, याचा पद्धतशीर पडताळा. कुठे दुखते असे विचारताच पाच वर्षांचे मूल बहुधा बेंबीवरच बोट ठेवते. त्याची ही तोकडी कैफियत पुराव्याच्या योग्यतेस पोचविणे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय.

या क्षेत्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेला, २०१४ मध्ये परीक्षणासह प्रसिद्ध झालेला ‘पेड्सक्यूएल’ या बालकांच्या जीवनगुणवत्तेच्या मापनसंचाचा जठरांत्र-लक्षण विभाग. त्यातील ७४ प्रश्न १४ उपमापनांत विभागले असून, बालकांसाठी ५ ते १८ वर्षे आणि पालकांसाठी २ ते १८ वर्षे वयोगटांची स्वतंत्र पत्रके आहेत. ‘कधीच नाही’ ते ‘जवळजवळ नेहमी’ ही ० ते ४ अंकांची उत्तरे उलटवून १०० गुणांच्या मापात मांडतात. गुण जितके अधिक, तितका त्रास कमी. ५ ते ७ वर्षांच्या मुलांस मात्र हसऱ्या, मध्यम व रडव्या अशा तीन चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवण्यास सांगतात.

अशा प्रश्नावलीच्या प्रश्नांची सामग्री मुलांच्या व पालकांच्या मुलाखतींतून घेतात. मग प्रत्येक प्रश्नाचा अर्थ मुलाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेतात. विश्वसनीयतेसाठी ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला, प्रश्नांचा परस्पर मेळ दाखविणारा अल्फा गुणांक वापरतात. समूहांच्या तुलनेस ०.७० पुरेसा, परंतु एकट्या रुग्णाविषयी निर्णय घेण्यास ०.९० अपेक्षित मानतात. निरोगी व रुग्ण बालकांच्या गुणांत अपेक्षित अंतर दिसणे, आणि लक्षणे वाढली असता जीवनगुणवत्तेचे गुण उतरणे, हे यथार्थतेचे पुरावे होत. पालकांस उलटी दिसते, पण मळमळ वा शौचाची धास्ती दिसत नाही. म्हणून मूल व पालक या दोघांच्या उत्तरांतील तफावत ही निव्वळ चूक न मानता स्वतंत्र माहिती म्हणून रुजू करून घ्यावी लागते.

भाषांतरात हा पडताळा पुन्हा करावा लागतो. दोन स्वतंत्र तर्जुमे, त्यांचा मेळ, मूळ भाषेत उलट तर्जुमा आणि मुलांसमोर चाचणी, असा त्याचा क्रम असतो. मराठी पत्रकात ‘मलावरोध’ हा शब्द वैद्यास सोयीचा असला, तरी ‘शी कडक होते का, करताना दुखते का?’ असे विचारल्यावाचून सहा वर्षांच्या मुलाचे उत्तर ग्राह्य धरता येणार नाही. यथार्थता ही छापील कागदास कायमची चिकटलेली सनद नसून, विशिष्ट वयात, विशिष्ट भाषेत व विशिष्ट विकारात सिद्ध करावयाची बाब आहे. ती सिद्ध झाली म्हणजेच औषधाने मुलास उतार पडला की नाही, हा प्रश्न त्या मुलालाच विचारता येतो.