दावा फेटाळला, पुढे काय?

दावा, ताबा, मालक, हुकूम. कोर्टातले हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. ‘भाडे’ मात्र संस्कृत वळणाचे. घराच्या भांडणात दोन्ही कुळांचे शब्द एकाच कागदावर नांदतात. मुंबईच्या चाळींत अशा कागदांनी पिढ्यान्‌पिढ्यांची झोप उडवली आहे. ‘दावा फेटाळला’ असे कानी पडले, की घरात पेढे येतात. पण या दोन शब्दांनी भाडेकरूच्या पदरात नेमके काय पडते?

जरा मागे जाऊ. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस दिली, की भाडेकरार संपे. मालकाला कारण सांगावे लागत नसे. पहिल्या महायुद्धात जागेची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. पुढे १९४७चा मुंबई भाडे कायदा आला. त्याने जुन्या घरांचे भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, भाडेकरू ठरलेले भाडे देत असेल, तर कायद्यात लिहिलेल्या कारणाशिवाय त्याला काढता येईना. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असली, तरी जास्त हाल कोणाचे होतील, हे कोर्टाने तोलायचे होते.

म्हणून दावा फेटाळला याचा अर्थ बहुधा एवढाच, की मालकाने सांगितलेले कारण सिद्ध झाले नाही. भाडेकरू काही घराचा धनी होत नाही. त्याचे भाडेकरूपण चालू राहते आणि भाडे देण्याची जबाबदारीही. मुंबईत मालक लघुवाद न्यायालयातल्याच दोन न्यायाधीशांपुढे अपील करू शकतो. पुढे खरोखरच नवी गरज उभी राहिली, मुलाचे लग्न झाले, तर नवा दावाही आणू शकतो. तारखेला गैरहजर राहिल्याने दावा निघाला असेल, तर पुरेसे कारण दाखवून तो पुन्हा उभा करता येतो.

मालकांचेही दुखणे होते. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, इमारती खचत गेल्या. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, पण संरक्षणाचा गाभा राखला. थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकलेले भाडे व्याज व खर्चासह कोर्टात भरले, तर त्या कारणावरून घर जात नाही.

दावा हरलेला मालक पुष्कळदा भाडेच घेईनासा होतो. ‘घेत नाही, तर देऊ नये’ असे मानून जिंकलेला माणूस तिथेच फसतो. भाडे पुरावा राहील अशा रीतीने पाठवत राहावे आणि निकालाची प्रत व पावत्या एकत्र जपाव्यात. पेढे संपतात, पुढच्या दाव्यात हेच कागद बोलतात.