पाळण्याएवढी जागा

मुंबईतील एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. लांबी पंधरा फूट, रुंदी बारा. जमिनीवर सहा चुली, म्हणजे सहा बिऱ्हाडे; लहानथोर धरून माणसे मोजली तेव्हा ती तीस भरली. छताला बांबू टांगलेले होते. रात्री त्यांवर कपडे आणि गोणपाटे टाकून प्रत्येक बिऱ्हाड आपापला आडोसा करून घेई. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते आणि तिघीही मुंबईतच बाळंत होणार होत्या. कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी सरकारच्या वतीने चौकशी करणाऱ्या डॉ. बार्न्सबाईंनी सोबतच्या परिचारिकेला विचारले, की या खोलीत बाळंतिणीला आडोसा कसा मिळवून देणार? परिचारिकेने एक जागा दाखविली. तीन फूट बाय चार फूट. अशा वेळी पडदा लावून तेवढी जागा वेगळी काढावयाची, हा तेथील शिरस्ता होता.

हा वृत्तान्त १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे कामगारांच्या राहणीवर लिहिणाऱ्यांनी तो वारंवार उद्धृत केला. दाटीचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग झाला, आणि तो योग्यच होता. तीन बाय चारच्या जागेत बाई कोनाकोनी आडवी झाली तरी तिला पाचच फूट मिळतात. हे गणित मांडण्यासाठी शासकीय समितीची आवश्यकता नाही. परंतु त्या उत्तराला दुसरी बाजूही आहे. तीस माणसांच्या खोलीत कोणाचीही अशी जागा राहिलेली नसताना सहाही बिऱ्हाडांनी मिळून ती काढली होती, आणि परिचारिकेला ती कोठे आहे हे आधीच माहीत होते. गिरणगावातील चाळींचा इतिहास बहुधा चौरस फुटांत आणि भाड्याच्या रुपयांत लिहिला गेला आहे. त्या चौरस फुटांत नव्याने जन्मलेले मूल कोठे ठेवले गेले, याचा शोध घेऊ लागले की हे दोन्ही मापदंड अपुरे पडतात.

गावाकडच्या बऱ्या स्थितीतील घरात बाळंतिणीची खोली वेगळी असे. ती बहुधा अंधारी, वाऱ्याला बंद, शेगडीच्या धुराने कोंदलेली असे. आरोग्यशास्त्राने तिला दोष दिला तो खोटा नव्हे. तरीही ती खोली होती. सोयराचे दहा दिवस, शेक, धुरी, पाचवीची पूजा आणि बाराव्या दिवसाचा पाळणा हा सगळा आचार तिच्या भिंतींच्या आधाराने उभा होता. रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून माणसे गिरण्यांत आली तेव्हा आचार त्यांच्याबरोबर आला, भिंती मागे राहिल्या. १९२१च्या जनगणनेच्या वेळी मुंबईची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एकखोली घरांत राहत होती. स्वयंपाक, मोरी, देव्हारा, आजारपण आणि झोप यांना तेथे एकच छप्पर होते, आणि त्यात पोटभाडेकरू वेगळे.

त्याच वर्षाचे आकडे भयंकर आहेत. १९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे एक वर्षाच्या आतील ६६७ बालकांचे मृत्यू नोंदले गेले. एकखोली घरांत हे प्रमाण ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, आणि चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील मजूर व घरे या विषयावरील १९२५च्या ग्रंथामुळे हे कोष्टक सर्वत्र पसरले. भिंती वाढतील तसतसे मूल जगते, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. तो पुष्कळसा खराही होता. पण सर्वस्वी नव्हता.

कारण कोष्टकात गाव नव्हते. मुंबईतील अनेक कामगार बायका बाळंतपणासाठी गावी जात. मूल तेथे जन्मे आणि जन्माची नोंद, झालीच तर, तेथे होई. काही महिन्यांनी आई मुलाला घेऊन चाळीत परते; मूल दगावले तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. जन्म एका जिल्ह्यात आणि मरण दुसऱ्या शहरात मोजले गेले म्हणजे प्रमाण फुगणारच. या दोषाची जाणीव त्या काळच्या जाणकारांनाही होती. शिवाय गावी जाण्याची गरज सर्वांत अधिक कोणाला? एका खोलीत राहणाऱ्यांना. म्हणजे कोष्टकाची चूकही सर्व घरांवर सारखी वाटली गेलेली नाही. ती पहिल्या ओळीतच अधिक साचलेली असणार. म्हणून ८२८ हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, आणि केवळ गणिताचा घोटाळा म्हणून झटकूनही टाकता येत नाही. चार खोल्यांच्या घरातसुद्धा हजारी १३३ मुले जात होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे एका खोलीतील हानी किती मोठी असेल याची कल्पना येते.

या सदोष कोष्टकातूनच खरी व्यवस्था दिसू लागते. मुंबईच्या खोलीत नव्या मुलासाठी पहिली जागा केली जाई ती आईला खोलीतून बाहेर पाठवून. पहिलटकरणीने माहेरी जावे ही जुनी रीत शहराच्या गरजेला नेमकी उपयोगी पडली. कोकणातील घराला पडवी होती, सुईण ओळखीची होती, जळण विकत आणावे लागत नव्हते. मात्र कोकणच्या किनाऱ्यावरील आगबोटी पावसाळ्यात बंद असत. श्रावण-भाद्रपदात दिवस भरणारीला समुद्र खवळण्यापूर्वीच निघणे सोयीचे होते. गिरणीचा पगार महिन्याचा, बोटीचे वेळापत्रक ऋतूचे, आणि गर्भाचे स्वतःचे. तिन्हींचा मेळ घालणे हे गिरणगावातील बाईचे एक अलिखित शास्त्र होते. १९२१मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या, त्याचे एक कारण हेही की कुटुंब अर्धे येथे आणि अर्धे तेथे नांदत होते. मुंबईची खोली हे घर नव्हतेच. ते घराचे एक टोक होते.

बार्न्सबाईंना भेटलेल्या तिघी मात्र गावी जाणार नव्हत्या. काम सोडून गेले की मजुरी बुडे आणि परतल्यावर ती जागा मिळेलच याची खात्री नसे. १९१९मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला होता, आणि हिंदुस्थान सरकारकडून या प्रश्नाच्या अभ्यासाची अपेक्षा ठेवली होती. बार्न्सबाईंची चौकशी तिचेच फलित. त्या चौकशीत आणखी एक गोष्ट नोंदली गेली: कामगार स्त्रियांच्या शंभरांतील ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. ‘बाळगोळी’ हे तिचे लाडके नाव. आई गिरणीत असताना मूल निजून राहावे हा हेतू. याला केवळ अडाणीपणा म्हणणे सोपे होते आणि अनेकांनी तसे म्हटले. पण रातपाळी करून आलेला माणूस दिवसा ज्या खोलीत झोपतो, त्याच खोलीत मूल रडते आहे, एवढे डोळ्यांसमोर आणावे. निजलेले मूल जागा कमी घेते. बाळगोळी हा त्या खोलीच्या वास्तुशास्त्राचाच एक भाग होता, आणि त्याची किंमत मूल देत होते.

१९२८च्या जुलै महिन्यात मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेचे विधेयक चर्चेला आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९मध्ये कायदा झाला आणि रजेच्या काळात रोज आठ आणे मिळू लागले. कायद्याने खोली वाढली नाही. परंतु खोलीत काही आठवडे निजून राहण्याचा हक्क मिळाला. जागा नसली तरी वेळ मिळाला, आणि एका खोलीच्या संसारात वेळ हीच अनेकदा जागा असते. परळला १९२६मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले होतेच. त्यामुळे तीन बाय चारच्या पडद्याआडची निदान पहिली रात्र काही बायकांपुरती टळली.

अर्थात गिरणीत काम करणाऱ्या स्त्रिया एकूण कामगारांच्या सुमारे एक-पंचमांश होत्या आणि पुढील दशकांत त्यांचे प्रमाण घटत गेले. कायद्याचा लाभ ज्यांना व्हावयाचा, त्यांची संख्याच आटत गेली.

सरकारने खोल्याही बांधल्या. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ इमारतींत सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. बीडीडी चाळी या नावाने त्या ओळखल्या गेल्या. बार्न्सबाईंनी पाहिलेली खोली १८० चौरस फुटांची होती. म्हणजे सुधारणेची खोली तिच्याहून लहान. फरक इतकाच, की येथे एका खोलीत एक कुटुंब अपेक्षित होते. त्या एका कुटुंबाचे पुढे काय होईल, मूल झाले, ते मोठे झाले, त्याचे लग्न झाले, मग?, हा प्रश्न आराखड्यात दिसत नाही. १९२१मध्येच र. धों. कर्वे यांनी याच शहरात संततिनियमनाचे केंद्र सुरू करून प्रश्नाचे दुसरे टोक पकडले होते. मुलाला जागा कशी करावी याऐवजी मूल केव्हा यावे हे आईबापांनी ठरवावे, असे सांगणारा तो एकटा माणूस होता. त्याचे ऐकणारे थोडे आणि हसणारे पुष्कळ.

आराखड्याने सोडून दिलेले उत्तर रहिवाशांनी दिले. जुन्या लुगड्याची झोळी छताच्या कडीला टांगली की मूल जमिनीवरची जागा अडवीत नाही. खालून माणसे ये-जा करतात, जाता जाता कोणीही झोका देतो. पाळणा हा शब्द बारशाच्या दिवसापुरता खरा, एरवी झोळीच. रात्री पुरुष गॅलरीत किंवा जिन्यावर पथाऱ्या टाकीत आणि खोली बायकामुलांना मोकळी होई. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर खोली सोडणे तोट्याचे ठरले, तेव्हा घर वरच्या दिशेने वाढले: छत उंच असेल तेथे पोटमाळा आला. नव्या सुनेचे बिऱ्हाड त्यावर, तिचे मूल झाले की आजी-आजोबा खाली आणि मधला मुलगा गॅलरीत. शेजारची म्हातारी मूल सांभाळी, तिचा नातू अभ्यासाला इकडे बसे. चाळीतील आपुलकीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये की या आपुलकीचा पाया अडचणीत होता. आणि अडचणीचीच वर्णने करणाऱ्यांनी हेही विसरू नये की आपुलकी खरी होती. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या जुळवाजुळवीनंतर त्या घरांत मुलाला भिंतीआडची जागा मिळू शकते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासातील एक मूल ठाऊक असते. १९२६च्या सुमारास चिंचपोकळीच्या गिरणीपरिसरात टाकून दिलेले तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराला सापडले. त्याने ते घरी आणले. त्याची पत्नी काशीबाई, तीही गिरणीकामगार. ज्या शहरात पोटच्या मुलाला कोपरा मिळविताना बायका मेटाकुटीला येत होत्या, तेथे या जोडप्याने रस्त्यावरच्या मुलाला आपल्या संसारात घेतले, आपले नाव दिले आणि शाळेत घातले. नारायण सुर्वे तो हाच. त्या वर्षांच्या कोणत्याही कोष्टकात हे मूल नेमके बसत नाही. त्याचा जन्म कोणत्या खोलीच्या खात्यावर लिहावा हे कोणालाच सांगता आले नसते.

पण खोली गिरणीवर अवलंबून होती. १९३६मध्ये गंगाराम सुर्वे कामावरून निवृत्त झाले आणि इतर अनेकांप्रमाणे कोकणातल्या आपल्या गावी परतले. नारायण तेव्हा चौथी झालेला, दहा वर्षांचा होता. जाताना त्यांनी त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले, आणि मुलगा मुंबईत राहिला.